तीन-ए खुर्चीचं भूत

फूंग योक लान थकली होती, आणि हा थकवा तीन आठवड्यांचा नव्हता. तो जुना होता, हाडांत मुरलेला. वय त्रेपन्न, गुडघे बोलायला लागलेले, आणि इपोहच्या जुन्या बाजारातल्या मंडळाच्या त्या इमारतीत पंखा बंद पडला तरी हाक तिलाच, टीव्हीचा रिमोट हरवला तरी हाक तिलाच. “लान-चे! अगं लान-चे!” चे म्हणजे थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेल्या बायाही तिला चे म्हणत. काम करून घ्यायचं असलं की माणूस कुणालाही थोरली बहीण करतो.

मंडळ कॅन्टनी चिनी लोकांचं, कथलाच्या खाणींत घाम गाळायला आलेल्यांच्या नातवंडांचं. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर धर्मादाय डायलिसिस केंद्र होतं. लानची आई सहा वर्षं तिथं सात नंबरच्या खुर्चीत बसली. आईला आणायचं आणि चार तास नुसतं बसून राहायचं, हे लानला जमेना. पूर्वी ती पिनांगच्या एका कारखान्यात सर्किटं तपासायची. तेव्हा तिनं आधी एक वायर नीट लावली, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खं केंद्र तिच्या गळ्यात पडलं. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. गळ्यातलं काही उतरलं नाही.

केंद्रात खुर्च्या बारा. पण नंबर बघत गेलात तर एक, दोन, तीन, मग तीन-ए, मग पाच. चार नंबर नाहीच. कॅन्टनीत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एक, आणि जिथं लोक मरण पुढं ढकलायला येतात तिथं भिंतीवर कोण तो आकडा रंगवील? इमारती, लिफ्टा, घरं, सगळीकडे हीच रीत. तरी कॅन्टनी पेशंट त्या खुर्चीत बसत नसत ते नसतच. नऊ नंबरची म्हातारी उघड म्हणायची, “तुम्ही ए म्हणा नाहीतर झेड म्हणा. यमाला मोजता येतं.” त्यामुळे तीन-ए मध्ये दोन मलय, तीन तमिळ आणि एक पंजाबी लॉरी ड्रायव्हर, असे सहा जण आळीपाळीनं बसत. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी एक ते पाच ही पाळी आरोक्यसामींची. रबराच्या मळ्यावरच्या दवाखान्यात आयुष्यभर मलमपट्ट्या केलेला हा सत्त्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस, सगळ्यांचा सामी अंकल.

आता लानच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घोळ तिथंच झाला. प्रत्येक खुर्चीजवळ पूर्वी एक छोटा संगणक असे. पेशंटचा रक्तदाब, रक्ताचा वेग, सगळं तो टिपून घ्यायचा आणि काही बिघडलं की नर्सच्या टेबलावर घंटी वाजवायचा. त्यातला प्रोग्रॅम जुना आणि हट्टी. एका संगणकात एकाच खुर्चीचं काम करणार. तो बनवणारे लोक केव्हाच दुकान बंद करून गेले. मग संगणक एकेक करून मरायला लागले तेव्हा लाननं एक दणकट लिनक्स सर्व्हर मागून घेतला आणि त्याच्या पोटात बारा खोटे संगणक उभे केले. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. खुर्चीजवळ राहिला फक्त पडदा. सगळी मशीनं एका पेटीत आणि बाहेर जाणारी तार एकच, तेव्हा कुठला निरोप कुणाचा हे ठरवायला तिनं आत एक ब्रिज घातला. चाळीच्या तोंडाशी बसून टपाल वाटणारा माणूस असतो ना, तेच काम. प्रत्येक मशीनच्या दारावर एक पाटी, आकड्यांची आणि ए ते एफ अक्षरांची, आणि ब्रिज फक्त ती पाटी वाचतो. पाट्या लाननं स्वतः हातानं लिहिल्या. शेवटचे दोन आकडे म्हणजे खुर्चीचा नंबर. एक नंबरला शून्य-एक, बाराला बारा. तीन-ए ला तीन-ए. अक्षर चालतंय हे बघून त्या दिवशी ती स्वतःशी हसलीही होती.

पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग भुतांचा महिना लागला, रस्त्यांच्या कडेला लोक पितरांसाठी कागद जाळायला लागले, आणि तीन-ए चा पडदा गोठू लागला.

गोठायचा म्हणजे आकडे जागच्या जागी थांबायचे. दहा मिनिटं, कधी वीस. मग आपोआप चालू. सकाळच्या पाळीत नाही, मंगळवारी नाही, शनिवारी नाही. फक्त सामी अंकल बसले की. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा रक्तदाब घसरला आणि टेबलावर घंटी वाजलीच नाही. मिसी नोरलैला, म्हणजे मोठी नर्सबाई, सहज पलीकडून जात होती म्हणून तिला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. नाहीतर पुढचं बोलायलाच नको.

“चे, हे असं नाही चालायचं,” मिसी त्या दिवशी म्हणाली. “दर दहा मिनिटांनी मी हातानं लिहितेय. मला बारा खुर्च्या आहेत.”

“बघते मी.”

“तीन आठवडे बघतेयस.”

ते खरंच होतं. लाननं केबल बदलली. पडदा बदलला. पाटी तशीच ठेवून मशीनचा आयपी पत्ता बदलला, ब्रिज मोडून पुन्हा बांधला, सर्व्हरचं कार्ड बदललं. मंगळवारी तासभर तपासावं तर सगळं स्वच्छ. बुधवारी दुपारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आणि ती खाली मान घालून तारा तपासत असताना वरून चोंग मावशींचं वेगळंच. तिसऱ्या मजल्यावर मंडळाची हौशी संगीत नाटक कंपनी होती, आणि मावशी तिच्या सर्वेसर्वा. जुन्या खेळांची चित्रणं बघता यावीत म्हणून लाननं त्यांनाही महिन्याच्या सुरुवातीला एक मशीन करून दिलं होतं. “लान, आमची राजकन्या दारातच अडकते बघ. एक पाय आत, एक पाय बाहेर.” लान म्हणायची, “इंटरनेट स्लो आहे मावशी,” आणि पुढं जायची. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं तिला वाटे.

मंडळाच्या कमिटीनं मात्र तोवर निकाल लावला होता. चेअरमन थाम भला माणूस, पण भुताच्या महिन्यात भल्या माणसांचीही अक्कल जरा पातळ होते. त्यांनी लानला बोलावून सांगितलं, “शनिवारच्या सभेपर्यंत नीट झालं तर झालं. नाहीतर खुर्ची काढून टाकू. पुजाऱ्यालाही सांगून ठेवलंय, जागा शुद्ध करून घेऊ.”

“आणि पेशंट?”

“पाच जणांची सोय होतेय इकडे तिकडे. शेवटी बिघाडाच्या यादीत नाव कुणाचं आहे? सामींचं. त्यांना तेलुक इंतानच्या केंद्रात जागा आहे.”

तेलुक इंतान म्हणजे बसनं दीड तास जायला, दीड तास यायला. डायलिसिसनंतर ज्या माणसाला जिना उतरताना कठडा धरावा लागतो, त्यानं आठवड्यातून तीनदा हा प्रवास करायचा. किती आठवडे करील? चेअरमनना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी नजर चहाच्या पेल्यात ठेवली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी तर कुणाच्या नात्यातलाही नव्हता.

शुक्रवारी लाननं ठरवलं, आज उठायचंच नाही. एक वाजता सामी अंकलचं वजन झालं, सुया लागल्या, आणि ती त्यांच्या शेजारी स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. हॉलमध्ये कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. आठ नंबरच्या गृहस्थांनी तर खुर्ची थोडी पलीकडे वळवून घेतली होती.

“आमोई, आज माझ्यावर पहारा?” सामी अंकल म्हणाले. चिनी पोरीला आमोई म्हणतात; त्रेपन्नाव्या वर्षी तिला असं म्हणणारे ते एकटेच उरले होते.

“तुमच्यावर नाही, पडद्यावर.”

“त्याच्यावर ठेव. मी कुठं पळतोय? दोन सुया आहेत हातात.” त्यांनी बर्फाचा खडा गालात धरला. दिवसाकाठी अर्धी बाटली पाणी, त्यात तोच त्यांचा विरंगुळा.

दोन वाजून पाच मिनिटांनी आकडे थांबले. एकशे बत्तीस, ब्याऐंशी, आणि तिथंच. आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरून झांजांचा आवाज आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं मनाशी म्हणून तिनं लॅपटॉपकडे बघितलं. थोड्या वेळानं झांज मध्येच तुटली आणि पडदा चालू झाला. मग वर झांज सुरू, खाली पडदा बंद. ती ऐकत राहिली. पुन्हा तसंच. दोन माणसांनी एकच घोंगडी ओढावी तसं चाललं होतं.

ती उठली आणि गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढली.

“आलीस का!” चोंग मावशी टीव्हीसमोर पंख्यानं वारा घेत बसल्या होत्या. “बघ, तूच बघ. पुन्हा दारात! तीन आठवडे सांगतेय. या पोरीचं लग्न मी मरायच्या आत व्हायचं नाही.”

“मावशी, तुम्ही हे कोणकोणत्या दिवशी लावता?”

“कधी म्हणजे? आमच्या तालमीच्या दिवशी. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन वाजता.”

लान तिथंच पायरीवर बसली. तिच्याकडे दोन वह्या होत्या. निळ्या वहीत खुर्च्यांच्या पाट्या, लाल वहीत बाकीच्या इमारतीच्या. लाल वहीतला नियमही तिचाच. पहिला आकडा मजल्याचा, पुढं मशीनचं अक्षर: पहिलं ए, दुसरं बी. नाटकवाल्यांचं मशीन तिसऱ्या मजल्यावरचं पहिलं. तिनं जुन्या मशीनची फाइल उचलली होती, नक्कल केली होती आणि शेवटचे दोन आकडे बदलून ठेवले होते. तीन-ए.

दोन दारं, एक पाटी. वरचं मशीन झोपलेलं असलं की टपालवाला सगळं टपाल बरोबर खाली नेऊन द्यायचा. राजकन्या जागी झाली की तो गोंधळायचा. रक्तदाबाचे आकडे निम्मे राजकन्येकडे जायचे आणि राजकन्येचा निरोप सामी अंकलकडे. चार नंबर टाळायला ए आणला आणि तोच ए मजल्यावर येऊन बसला. जिथं चाराला चार म्हणतात तिथल्या कुणालाही ही चूक करता आली नसती.

ती खाली लॅपटॉपकडे परतली. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. राजकन्येची पाटी तिनं तीन-बी केली आणि मशीन पुन्हा चालू केलं. वर राजकन्या दारातून आत आली, खाली आकडे धावत राहिले, आणि मिसीनं दुरूनच अंगठा वर केला. “काय होतं गं?” तिनं विचारलं.

“सांगते उद्या,” लान म्हणाली. तिला लाज वाटत होती. आनंदबिनंद काही नाही, साधी उघडी लाज. तीन आठवडे एका म्हाताऱ्याकडे लोकांनी पाठ फिरवली होती, तिच्या एका अक्षरापायी. आणि तिला हेही दिसत होतं की कुणाला काही कळलेलं नाही. उद्या पुजारी येईल, घंटा वाजवील, श्रेय घेऊन जाईल. तोंड मिटून बसलं तर तिची इज्जत शाबूत. फक्त खुर्चीवरचा भुताचा डाग राहील.

शनिवारी सभेत वाफवलेले बन आणि कोपी, म्हणजे तिकडची कॉफी, आली आणि लान उभी राहिली. तिनं सांगितलं. पाटी, टपालवाला, दोन वह्या, सगळं.

“म्हणजे भूत नाही?” चेअरमन थाम म्हणाले. स्वर जरा खट्टू होता.

“नाही.”

“आणि मी पुजाऱ्याला बोलावलंय.”

“येऊ द्या. कोपी पाजा.”

चोंग मावशींनी टेबलावर पंखा आपटला. “म्हणजे माझी राजकन्या तिकडं दारात ताटकळतेय आणि ही मला म्हणते इंटरनेट स्लो! वरून आमच्या नाटकावर खापर!”

“नाटकाचं काही नाही मावशी. माझंच चुकलं. नक्कल करताना मी दुसरी वही उघडून बघितली नाही. आणि तुम्ही सांगत होतात ते ऐकलं नाही. तेव्हाच ऐकलं असतं तर एका दिवसात सापडलं असतं.”

मावशींना भांडायचं होतं. समोरची बाई भांडेना म्हणून त्या आणखी चिडल्या. चेअरमननी हात वर केला. “ठीक आहे. खुर्ची राहील. सभेच्या वहीत आपण एवढंच लिहू, तांत्रिक अडचण होती, दूर झाली. नाव कशाला कुणाचं? आपल्याच घरातली बाई आहे.”

त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. लानला बसून घ्यावंसं वाटलं. पाय दुखत होते, आणि समोर खुर्ची होती. “नाव लिहा,” ती म्हणाली. “नाहीतर पुजाऱ्यानं भूत काढलं असंच लोक म्हणतील, आणि भूत निघालं म्हणजे होतं. मग त्या खुर्चीत कोण बसेल? फूंग योक लान हिच्या चुकीमुळे, असं लिहा. आणि खाली हॉलमध्ये लावा.”

चिटणीसानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं. सोमवारी सकाळी तो कागद वजनकाट्याच्या वर चिकटवलेला होता. नऊ नंबरच्या म्हातारीनं तो मोठ्यानं वाचला आणि ती म्हणाली, “बघा! शिकलेली माणसं.” दुपारच्या पाळीतल्या आठ नंबरच्या गृहस्थांनी खुर्ची परत सरळ केली. त्याहून जास्त काही झालं नाही. लानला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसंही काही वाटलं नाही.

दुपारी ती सामी अंकलजवळ जाऊन बसली. त्यांनी कागद पाहिला होता, पण वाचता आला नव्हता. तिनं तोंडानं सांगितलं आणि माफी मागितली. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. दोन वाजून गेले, वर झांजा वाजल्या, आकडे चालूच होते.

“म्हणजे माझं काही नाही?”

“तुमचं काहीच नाही. माझं होतं.”

“आमोई,” ते हळू म्हणाले, “मला वाटलं, मशीनला कळलंय. दुसऱ्या कुणाला काही होत नाही, मी बसलो की थांबतं. तीस वर्षं दवाखान्यात काढली मी. म्हटलं, हे कसलं लक्षण आहे ते आपल्याला ठाऊक आहे. फिलोमिनाला फोन केला मी. मुलगी माझी. जोहोरला असते, पार दक्षिणेला. सहा वर्षांत आली नाही. दर वेळी, हो पप्पा, बघते पप्पा. या वेळी म्हटलं, बाई, मी बसलो की मशीन थांबतं, माझं संपत आलं. काल बसमधून उतरली. काल रसम केलं तिनं. मला पिता येत नाही म्हणून चमच्यानं दोन थेंब दिले.”

लाननं स्टूल जवळ ओढलं.

“तिला सांगू नकोस,” सामी अंकल म्हणाले. “पाचला येईल न्यायला. मशीन नीट झालं कळलं तर उद्याच्या बसनं जाईल. अजून आठवडाभर ते बिघडलेलंच असू दे. तुला काय लागतंय?”

“तो कागद लावलाय तिथं.”

“तो चिनीत आहे.”

ते हसले, आणि तिलाही हसू आलं, आणि मग आलं नाही.

पाच वाजता फिलोमिना आली. चाळिशीची, जाड वेणीची, चेहऱ्यावर बसचा शीण अजून उतरलेला नव्हता. मिसीनं सुया काढल्या, कापूस दाबून धरला. फिलोमिनानं सरळ लानलाच विचारलं, “मशीनचं तुम्हीच बघता ना? झालं का नीट?”

सामी अंकलनं लानकडे बघितलं. शनिवारी अख्ख्या कमिटीपुढं खरं बोलायला जेवढं बळ लागलं नव्हतं तेवढं आता लागत होतं, आणि ते कुठून आणायचं हे तिला माहीत नव्हतं.

“झालं,” ती म्हणाली. “मशीन नीट आहे.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले, घट्ट, रागावलेल्या मुलासारखे.

“ते नीट आहे म्हणून हे नीट आहेत असं नाही,” लान म्हणाली. “ते एकटे येतात. एकटे जातात. परवा घाम फुटला तेव्हा मिसीनं बघितलं म्हणून. घरी कोण बघतं, मला माहीत नाही. माझं काम तारांपुरतं आहे. तारा नीट आहेत.”

फिलोमिनानं खाली वाकून वडिलांच्या चपला शोधल्या, एक खुर्चीखाली सरकली होती ती ओढून काढली आणि त्यांच्या पायांत घातली. सामी अंकलनं डोळे उघडले नाहीत.

“बुधवारी यांना किती वाजता आणायचं असतं?” तिनं वाकल्या वाकल्या विचारलं.

“एक वाजता,” लान म्हणाली.